सोळा म्हणजे सोळा आणे

मी तीनदा पाय धुतले. फार्मच्या हौदावर, विटेच्या तुकड्यानं टाचा घासून. पहिल्यांदा धुऊन दाराशी गेले तर चौकीदार म्हणाला, "ओले हायेत पाय. फरशीवर डाग पडतील." पुसायला मागं आले, तर हौद आणि दार यांच्यामध्ये सगळी माती. परत भरले. परत धुतले. तिसऱ्यांदा मी खताच्या दोन रिकाम्या गोण्या घेतल्या. एक पुढं टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची उचलायची, पुढं टाकायची. अशी दारापर्यंत पोचले. शेजारच्या वाफ्यात खुरपणाऱ्या बाया हसून हसून बेजार. कडूबाई ओरडली, "अगं बघा, नवरी निघाली! पायघड्या तिच्या तिलाच टाकाव्या लागून राह्यल्या!"

मीही हसले. कॉम्प्युटरच्या खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदा जाणार होते.

दारात फार्मचे मोठे साहेब उभे होते. मुंबईहून पाहुणे आले होते, त्यांच्या चपला-बूट एका ओळीत लावलेले. साहेबांनी माझ्याकडं न बघता कॉम्प्युटरवाल्या विलासला विचारलं, "ही कुठं निघाली?"

विलास म्हणाला, "सर, ती बाई... रोपं तिनंच आणलीत."

"रोपं येऊ द्या की आत. हिचं आत काय काम? मशीनला धूळ चालत नाही."

मी म्हणाले, "पाय धुतले साहेब. तीनदा."

साहेब हसले. "पायांची नाही गं. अंगाची."

पाहुण्यांतले दोघं हसले. एकानं खाली बघितलं. विलासनंही खाली बघितलं.

मग तीन कुंड्या आत गेल्या. तुरीची तीन झाडं, पहाटे मी माझ्या हातानं मुळासकट काढून लावलेली. कुंड्या गळ्यापर्यंत मातीनं भरलेल्या, खालून ओल गळत होती. चौकीदारानं उचलून आत नेल्या, फरशीवर ठेवल्या. फरशीवर डाग पडले. कुणी काही बोललं नाही.

माती आत गेली. मी बाहेर राहिले.

मी कोण, ते सांगते. माझं माहेर धावडा. घर मेंढपाळाचं. आई मेंढरं राखायची आणि हंगामात लोकांच्या तुरीत खुरपायची. मी चौथी पास आहे. मास्तर म्हणाले होते पोरीला पुढं घाला. पुढची शाळा लांब होती, आणि मेंढरं जवळ होती. लग्न होऊन केदारखेड्याला आले. सासरची मेंढरं एका दुष्काळात विकली, मग मी बारमाही मजुरीला लागले. जालन्याच्या रस्त्याला एका बियाण्याच्या धंदेवाल्याचा प्रयोगाचा फार्म होता. त्याचं नाव लिहीत नाही. आता तिथं मंगल कार्यालय झालं आहे. त्या फार्मवर मी पंधरा वर्षं तुरीत काढली. त्यातली शेवटची वर्षं लिहिते आहे, नव्वद सालाच्या मागंपुढंची.

विलास आमच्याच गावचा. घर जुनं, जमीनजुमल्याचं. मी गावात सून म्हणून आले तेव्हापासून हंगामात त्यांच्या रानात कामाला गेलेली. तो लहान असताना त्याला आम्ही बाया 'बापू' म्हणायचो. मोठा झाला तरी बापूच. मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, पण मी त्याला "बापू, तुम्ही" म्हणायची आणि तो मला "मावशी, तू". आमच्याकडं ते तसंच असतं. तेव्हा मला त्यात काही दिसत नव्हतं.

तो मुंबईत मोठ्या कॉलेजात शिकत होता. डॉक्टर व्हायचं होतं त्याला, पण दवाखान्यातला नाही. कॉम्प्युटरला अक्कल शिकवायची, त्यावर पुस्तक लिहायचं, ते पुस्तक त्याच्या वरच्या मास्तरांनी पास केलं की हा डॉक्टर. त्या मास्तरांना तो गाईड म्हणायचा. डॉक्टर झाला की त्याच कॉलेजात त्याला नोकरी ठेवलेली होती. एवढं सगळं त्या पुस्तकावर टांगलेलं.

कॉम्प्युटरला तुरीचा रोग ओळखायला शिकवायचं म्हणून फार्मवर एक खोली त्याला दिली. तिच्यात गार हवेचं यंत्र, निळी सतरंजी, आणि टेबलावर कॉम्प्युटर. आमच्यातल्या कुणीही तोवर कॉम्प्युटर बघितला नव्हता. पहिल्या दिवशी तो मोठ्या साहेबांना विचारायला बसला, तुरीचा रोग कसा ओळखायचा. साहेबांनी पुस्तकातलं सांगितलं. विलास दोन दिवसांत तेवढं पुस्तक स्वतःच वाचून मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी तो रानात आला आणि म्हणाला, "मावशी, तू झाडाकडं बघून सांगती म्हणं, हे मरणार, हे जगणार. कसं सांगती?"

आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. खुरप म्हणतात, उपट म्हणतात, उचल म्हणतात. कसं सांगतेस, हे कुणी विचारत नाही. मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू.

पण आत नेलं नाही. धूळ. खोलीला एक खिडकी होती, तिची एक काच काढली आणि मी बाहेर पोत्यावर बसायची, उन्हात. तो आत बसायचा, गारव्यात. आतली गार हवा काचेच्या जागेतून माझ्या कपाळावर यायची. तेवढंच.

"मावशी, मशीनला काहीच येत न्हाई बघ. तान्ह्या लेकरासारखं हाय. आपण शिकवायचं."

"मंग लेकराला मांडीवर घेऊ द्या की बापू. खिडकीतून काय शिकवता?"

तो हसायचा. हसण्यावर नेण्यात हुशार होता.

असे चार महिने. तो विचारायचा, मी सांगायची, तो टाइप करायचा. पान असं असलं तर काय. खोड तसं असलं तर काय. मी सांगितलं, दुपारी तुरीनं मान टाकली म्हणून घाबरायचं नाही. संध्याकाळी परत बघायचं. सांजेला मान वर आली तर ते झाड आजारी नाही, रुसलं आहे. पाणी मागतं आहे, बस. आणि सांजेलाही मान वर आली नाही, खोडाशी जांभळा पट्टा चढलेला दिसला, तर खोड नखानं सोलून बघायचं. आत काळी रेघ असली तर मर लागली, जीवच घेणारा रोग. त्याला पाणी द्यायचं नाही. पाण्यासंगं रोग पाटानं पुढच्या झाडाला जातो. उपटायचं आणि बांधाबाहेर नेऊन जाळायचं.

"रुसलं?" तो थांबला. "हे कुणी म्हणतं का असं, मावशी?"

"माझी आई म्हणायची. दुसरं कुणी न्हाई म्हणत."

खरं होतं ते. आमच्या अख्ख्या भागात तुरीला रुसली म्हणणारी एक माझी आई आणि एक मी. बाकीचे सुकली म्हणतात, मलूल झाली म्हणतात. आईचं म्हणणं, सुकणं वेगळं आणि रुसणं वेगळं. रुसलेलं परत बोलतं.

विलासनं तो शब्द वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

मग तो प्रत्येक गोष्टीला विचारायचा, "किती खात्री? शंभरातली किती?"

"शंभराचं मला कळत न्हाई. आण्यात विचारा."

आमच्याकडं पीक आण्यात मोजायचे, पाऊस आण्यात सांगायचे. सोळा आणे म्हणजे पुरं. आठ आणे म्हणजे निम्मं. तो आमच्याकडचाच पोरगा, त्याला सांगावं लागलं नाही. म्हणाला, "चालंल. तू आण्यात सांग, मी त्याचे शंभर करून घेतो." बारा आणे म्हटलं की तो मोठ्यानं म्हणायचा, "पंच्याहत्तर." मला ते पाठ झालं. दुपारी मान टाकली तर रुसलं असेल, बारा आणे, पंच्याहत्तर.

मध्ये महिनाभर तो गाईडकडं मुंबईला गेला. काम थांबू नये म्हणून शहरातून एक ऑपरेटर बोलावला. तो खिडकीकडं बघायचासुद्धा नाही. विलासनं प्रश्न लिहून ठेवले होते, ते तो वाचायचा, मी आकडा सांगायची, तो दाबायचा. "काळी रेघ असेल तर मर?" "सोळा." टक. "संध्याकाळी मान वर नाही, तर मर?" "सोळा." टक. "जांभळा पट्टा?" "चौदा." टक. जल्दी जल्दी. त्याला बसची घाई असायची.

त्याच्या आकड्यांचा मी विचार केला नाही. मला वाटलं, बापू आल्यावर बघतील. बापूंनी बघितलं नाही.

आता परत त्या दिवसावर येते.

मी खिडकीशी गेले. काचेच्या जागेतून सगळं दिसत होतं. साहेबांच्या बायकोनं मशीनला हळदकुंकू लावलं, हार घातला. विलासनं पहिल्या कुंडीचं विचारलं, मशीननं पडद्यावर सांगितलेलं त्यानं वाचलं, निरोगी. बराबर. दुसरीचं सांगितलं, रुसलं आहे, पाणी द्या. पाहुण्यांना त्या शब्दाची मोठी गंमत वाटली. एक जण म्हणाला, "रुसलंय! व्हेरी गुड!" टाळ्या झाल्या. माझ्या आईचा शब्द, आणि मुंबईची माणसं टाळ्या वाजवत होती. खिडकीबाहेर माझा ऊर भरून आला. तेही खोटं सांगणार नाही.

तिसरं झाड मेलेलं होतं. म्हणजे उभं होतं, पण आतून गेलेलं. खोड सोलून मीच दिलं होतं, काळी रेघ दिसत होती, आंधळ्यालाही दिसली असती. विलासनं सगळं भरलं. मशीननं सांगितलं, "झाड रुसलं आहे. पाणी द्या."

पाहुण्यांतून विलासचे गाईड पुढं झाले. "असं कसं? आकडे वाचा."

विलासनं पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. "रुसणे, पंच्याहत्तर. मर, सोळा."

मला तिथंच कळलं. बापूंनी घेतलेल्या बाराचे पंच्याहत्तर झाले आणि ऑपरेटरनं दाबलेले सोळा सोळाच राहिले. जिथं मी पुरी खात्री दिली, तिथंच मशीननं सगळ्यात कमी धरली.

मोठे साहेब म्हणाले, "मजुरांना विचारून मशीन शिकवलं की असंच होणार. मशीनही अडाणी झालं." आणि मोठ्यानं हसले. या वेळी सगळे हसले.

मी खिडकीत तोंड घातलं आणि ओरडले, "सोळा आणे म्हणले होते मी! सोळा म्हंजी पुरं! शंभर! बापू, सांगा त्यांना!"

विलासनं वळून बघितलं. त्याला कळलं होतं. माझ्याआधी कळलं होतं. त्याच्या तोंडावर मी ते वाचलं, वाचायला मला चौथी पुरते. आणि तो गाईडकडं वळून म्हणाला, "सर, माहिती देणारीची चूक आहे. स्थानिक लोकांना टक्के समजत नाहीत. मी दुरुस्त करतो."

चौकीदारानं माझ्या दंडाला धरलं. "चल बाई. तमाशा नको करू." त्यानं काचेच्या जागेत माझं पोतं कोंबलं.

कडूबाईनं विचारलं, "काय गं नवरे, मांडवातून हाकलली?"

खुरपं घेतलं आणि वाफ्यात बसले. त्या दिवशी मी तुरीची चार चांगली झाडं खुरप्यानं कापली. नजर चुकून नाही. बघून कापली.

संध्याकाळी विलास माझ्या घरी आला. दिवे लागायच्या आत. उंबऱ्यावर बसला, लहानपणी बसायचा तसा. डोळ्यांत पाणी. "मावशी, माझं सगळं जाईल. गाईड म्हणून राह्यले, पंधरा दिवसांत बराबर करून दाखव, न्हाई तर दुसरा विषय घे. तीन वर्षं गेली माझी. नोकरी जाईल."

"चूक माझी व्हती म्हणला तुम्ही."

"तिथं काय बोलणार व्हतो मावशी? गाईडच्या तोंडावर म्हणू, की मी तपासलं न्हाई?"

"म्हणायचं की."

तो म्हणाला, "पुस्तकात एक पान असतं. मशीनला कुणी शिकवलं, त्याचं नाव घालतात. जाणकार म्हणून. तुझं नाव घालतो मी. आईशप्पथ."

मी म्हणाले, "वही काढा. लिहा इथं." त्यानं लिहिलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. मी त्याच्या हातातून वही घेतली आणि वाचली. आडनावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. दुरुस्त करायला लावलं. पुढं लिहिलं, 'जाणकार'. तेही वाचलं.

तेवढ्यासाठी मी गेले. अकरा दिवस. त्याच खिडकीशी, त्याच पोत्यावर, पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. प्रत्येक आकड्याला मी आधी म्हणायची, "आणे," आणि तो म्हणायचा, "हो मावशी, आणे." मशीन बराबर झालं. गाईड परत येऊन बघून गेले. मला कुणी बोलावलं नाही, मीही पाय धुतले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी विलास डॉक्टर झाला. गावानं शाळेच्या मैदानात सत्कार ठेवला. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले, बायांत पुढं बसले. कडूबाईला सांगितलं होतं, आज माझं नाव ऐकशील. ती म्हणाली, "ऐकते की. कान धुऊन आल्ते."

भाषणं झाली. विलास बोलला. आईवडील, गाव, गाईड, मोठे साहेब. "साहेबांच्या अनुभवानं मशीनला शिकवलं," असं म्हणाला. टाळ्या. बसला.

कडूबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. ते बरं केलं.

पुस्तक स्टेजवर टेबलावर होतं, काळं, जाड, वर सोन्याची अक्षरं. कार्यक्रम संपल्यावर मी टेबलाशी गेले आणि उघडलं. विलासची आई शेजारी उभी होती. "अगं, तुला काय कळणार त्यातलं? इंग्रजी हाय ते."

इंग्रजीच होतं. पानांमागून पानं. एक अक्षर लागेना. आणि मग एका पानावर, सगळ्या इंग्रजीच्या मधोमध, पेनानं, मराठीत लिहिलेलं दिसलं. 'रुसणे'. टाइप करायच्या मशीनला मराठी येत नसेल म्हणून हातानं लिहिलेलं. अक्षर विलासचं. पुढं दोन पानांनी परत, 'सोळा आणे'. एवढ्या जाड पुस्तकात मला वाचता आले ते एवढेच शब्द, आणि ते माझेच होते.

मी शाळेच्या हेडमास्तरांना हाक मारली. म्हणाले, "गुरुजी, जाणकार कोण लिहिलंय बघा." त्यांनी चष्मा लावला, पान काढलं. वाचलं. जाणकार म्हणून मोठ्या साहेबांचं नाव होतं, त्यांच्या डिग्र्यांसकट.

"आन माझं?"

त्यांनी बराच वेळ शोधलं. आभाराच्या पानावर आईवडील होते, गाईड होते, फार्मचे मालक होते, टाइप करणाऱ्याचं नाव होतं. शेवटी मागं एका तक्त्यात त्यांना सापडलं. ते हळू आवाजात म्हणाले, "इथं लिहिलंय, माहितीचा स्रोत. एक स्थानिक मजूर स्त्री."

"नाव?"

"नाव न्हाई."

विलास तिथं आला. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "बापू, ही मजूर स्त्री कोण?"

तो हळूच म्हणाला, "मावशी, ते तसंच लिहायचं असतं. शास्त्रात मजुराचं नाव नसतं."

"आन साहेबांचं कसं काय असतं?"

"ते पदावर हायेत."

"वहीत लिहिलं व्हतं तुम्ही. ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहिलं व्हतं."

"वही काय कुणी वाचतं का मावशी," तो म्हणाला, आणि कुणी तरी हार घेऊन आलं तिकडं वळला.

दुसऱ्या दिवसापासून मी फार्मवर गेले नाही. घरात भांडण झालं. नवरा म्हणाला, "नाव काय खायचंय का?" मी म्हणाले, "हो." लोकांच्या कपाशीत गेले, मक्यात गेले, त्या फार्मच्या तुरीत गेले नाही. तरी ते पुरतं 'नाही' म्हणणं नव्हतं, हे मला आता कळतं. मी नुसती उठून आले होते. तोंडानं 'नाही' म्हणाले नव्हते.

विलास मोठा होत गेला. लेक्चरर झाला, मग परदेशात जाऊन आला, मग प्रोफेसर. गावात बातम्या यायच्या. एका रविवारी पेपरात त्याचं लांबलचक छापून आलं, फोटोसकट. मी ते मराठीत होतं म्हणून स्वतः वाचलं, बोट ठेवून, शेवटपर्यंत. त्यात त्यानं सांगितलं होतं की कॉम्प्युटरच्या अकलेकडं मी वळलो तो एका शब्दामुळं. 'माझी आजी आमच्या शेतातल्या तुरीला रुसली म्हणायची. तो शब्द मी विसरलो नाही.'

त्याची आजी मी बघितली आहे. घरंदाज बाई. जन्मात शेताच्या बांधावर पाय ठेवला नाही. तिला तूर माहीत होती ती डाळ झाल्यावर.

नाव गेलं तेव्हा मी विचारून गप्प बसले. आता माझी आईही गेली होती. तिचा एकच शब्द या जगात उरला होता आणि तो दुसरीच्या तोंडात घातला. मी तो कागद कापून पत्र्याच्या पेटीत ठेवला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो स्वतः आला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गाडी बाहेर लावली. केस पांढरे, पोट सुटलेलं, हातात माझ्यासाठी साडी. बुटासकट आत आला. माझ्या घरात धुळीची भीती नाही. पाणी दिलं, चहा दिला.

"ओळखलं का मावशी?"

"वळखलं."

त्यानं खिशातून एक छोटं यंत्र काढून बाजेवर ठेवलं आणि बोलायला लागला. नवं मोठं काम मिळालं आहे. आता मशीन विचारत नाही, नुसतं ऐकतं. शेतातल्या बाया जशा बोलतात तसं बोलायचं, शेकडो बायांचं बोलणं ऐकून मशीन आपलं आपण शिकतं. "तू पहिली पाहिजेस. तुझ्याइतकं कुणाला न्हाई येत. बस, बोलायचं. तुरीचं, कपाशीचं, काय वाटंल ते."

"आन नाव?"

तो हसला. "आता तसं नसतं मावशी. सगळ्यांचं मिळून एकच होतं. कुणाचंच नाव नसतं."

"तुमचंबी नसतं?"

"माझं असतं. म्हंजी, कामाला कुणाचं तरी लागतं."

मी उठले, पेटीतून कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं बघितलं. लगेच ओळखलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही तुझी आजी कधी गेल्ती रे तुरीत?"

जन्मात पहिल्यांदा मी त्याला 'रे' म्हणाले. त्यालाही ते ऐकू आलं.

"मावशी, पेपरवाले काहीबी लिहितात."

"विलास, खोटं बोलू नको. माझ्या घरात बसून तरी नको बोलू. तो शब्द माझ्या आईचा. ती धावड्याची. मेंढरं राखायची. तुझ्या मशीनला मी शिकवलं, उन्हात पोत्यावर बसून. तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. जा, ते काळं पुस्तक घेऊन ये. 'मजूर स्त्री'वर काट मार आन माझं नाव लिही. ज्या पेनानं 'रुसणे' लिहिलं तसंच, हातानं. मंग बोलते. दिवसभर बोलते."

"ते लायब्ररीत असतं. त्यात आता बदल न्हाई करता येत."

"चुकलेलं बराबर करता येत न्हाई, आन तू मशीनला शिकवतो?"

तो चिडला. मग आवाज खाली आणला. "मावशी, तुझं वय झालं. तू गेल्यावर हे सगळं तुझ्यासंगं जाईल. लोकांचं नुकसान हाय त्यात. जरा विचार कर."

हे त्यानं बरोबर जागेवर मारलं होतं. मी रात्ररात्र त्याचाच विचार केलेला होता. म्हणून उत्तर तयार होतं.

"माझ्यासंगं कशाला जाईल? कडूबाईच्या सुनेला जाऊन विचार. तिला मी सांगितलंय. तिनं भोकरदनच्या बहिणीला सांगितलं. ती सांगताना म्हणती, अमक्या मावशीनं सांगितलं, आन त्या मावशीला तिच्या आईनं. तिला वाचता येत न्हाई, तरी तिला एवढं कळतं."

तो यंत्राकडं हात न्यायला लागला, आणि तेव्हा मला दिसलं. यंत्रावर बारीक लाल दिवा होता. जळत होता. चहा येण्याच्या आधीपासून.

"हे चालू हाय का रे?"

त्यानं दिव्यावर अंगठा ठेवला.

"मी बोलले ते सगळं घेतलं का त्यानं?"

"मावशी, ते नुसतं..."

"पूस."

"काही वापरणार न्हाई मी."

"पूस म्हणले. माझ्यासमोर."

मी दारात जाऊन उभी राहिले. म्हातारी बाई, पण दार लहान आहे, मला बाजूला केल्याशिवाय त्याला जाता आलं नसतं. त्यानं बटणं दाबली. दिवा गेला.

"लाव आता. ऐकू दे."

त्यानं लावलं. मी कान नेला. काही नव्हतं. परत लावायला लावलं. काही नव्हतं. मग मी साडी त्याच्या हातात दिली आणि बाजूला झाले.

जाताना म्हणाला, "मावशी, तू लई कडू झालीस."

"कडू न्हाई झाले. बराबर झाले."

गाडी गेली. कप विसळून पालथा घातला.

त्यानंतर दोनदा माणसं आली, दुसरी, दुसरी यंत्रं घेऊन. चांगलं बोलत होती. मी पाणी दिलं आणि दारातच विचारलं, नाव कुठल्या ओळीत येणार, लिहून दाखवा. दोन्ही वेळा परत गेली. गावातल्या बायांनाही मी हेच विचारायला शिकवलं आहे. आता पाच-सहा जणी विचारतात. माणसं त्यांच्या दारातूनही परत जातात.

या लिखाणावर मी माझं नाव घातलेलं नाही. मुद्दाम नाही घातलं. ते आधी त्या काळ्या पुस्तकात पाहिजे, जिथं 'एक स्थानिक मजूर स्त्री' आहे तिथं, त्याच्या हातानं, ऱ्हस्व-दीर्घ बघून. तोवर कुठल्याही मशीनला माझ्या तोंडून एक अक्षर मिळणार नाही. खात्री किती, असं कुणी विचारलं तर सोळा. आणि पुढं 'आणे' लिहा. या वेळी विसरू नका.